पाय घरी विसरलेला खेळाडू

फार पूर्वी तळ्यातळ्यांत कमळाच्या बोंडाने फुटबॉल खेळत, तेव्हाची गोष्ट. वरच्या तळ्याचे सगळ्यात निष्ठावंत प्रेक्षक म्हणजे गुंडोपंत बेडूक. "आपल्याला घाई नाही बुवा, पोरांना वेळ द्यायला हवा," असं ते नेहमी म्हणत. त्यांचा हा धीर सामना सुरू होईपर्यंत हमखास टिके.

एकदा प्रशिक्षक कासवाने पिटक्या नावाचं बेडकाचं शेपटीवालं पिल्लू खेळायला उतरवलं. त्याने शेपटीने बोंड ढकललं, ते गोलाच्या शेजारून बाहेर गेलं.

"फुटबॉल खेळायला आलाय आणि पाय घरी विसरलाय!" गुंडोपंत ओरडले. सगळा काठ हसला.

"येतील हो पाय, जरा दम धरा," कासव म्हणालं.

"आणखी किती? अर्धा सामना झाला की!" गुंडोपंत स्वतः जणू चार पायांनिशीच जन्मले होते. शेवटी काठाने एवढी हुर्यो उडवली, की पिटक्या ओहोळाने खालच्या तळ्यात निघून गेला.

पुढच्या हंगामात खालच्या तळ्याच्या एका लांब टांगांच्या बेडकाने वरच्या तळ्यावर तीन गोल चढवले. गुंडोपंतांचा ऊर भरून आला.

"अहो, हा आपलाच पिटक्या! शेपटी होती तेव्हाच मी ओळखलं होतं," त्यांनी शेजाऱ्याला सांगितलं आणि आपल्या संघातल्या नव्या पिल्लाकडे वळून ओरडले, "ए, पाय कुठायत तुझे?"