डोमाची पाळी

फार वर्षांपूर्वी, वैनगंगेवर पूल नव्हता तेव्हाची ही गोष्ट. पूल नव्हता म्हणून माणसाला घाई नव्हती असं कोणी समजू नका. घाई तेव्हाही होती, फक्त ती डोमाच्या होडीत बसून जायची.

डोमा उमरघाटचा ढिवर, तिथला नावाडी. अंगानं काटक आणि बोलायला महाकंजूष. असं म्हणतात, की नदीच्या तळाची वाळू काल कुठे होती आणि उद्या कुठे सरकेल हे तो पाण्यात बोट बुडवून सांगायचा. भर पुरातसुद्धा त्याच्या होडीतल्या बाईच्या हातातलं ताकाचं गाडगं हिंदकळायचं नाही, असंही म्हणतात. म्हणणाऱ्यांचं काय, त्यांना कोण अडवणार! पण त्याच्या होडीतून कधी कोणी बुडालं नाही, एवढं मात्र खरं.

पलीकडच्या काठावर, मोहाच्या झाडांत, सगुणाआजीची झोपडी होती. आजी औषध द्यायची, पण तापाचं नाही की खोकल्याचं नाही. वयात येणारी पोरं कधी एकदम मिटून जातात. जेवत नाहीत, बोलत नाहीत, नाहीतर चिलमीच्या आणि दारूच्या नादी लागतात. अशा पोरांना ती बरं करायची. तिच्याकडे कडू काढा होताच, पण काढ्याच्या आधी तिची अट होती. एकटं पोर ती ठेवून घ्यायची नाही. आई, बाप, थोरला भाऊ, घरात जे कोणी असेल त्या सगळ्यांनी यायचं आणि तिथंच राहायचं. एका चुलीवर रांधायचं, आणि संध्याकाळी चटईवर पोरासमोर बसून, जे इतके दिवस बोलायचं राहिलं ते बोलायचं. "ताप घराले येते," आजी म्हणायची, "पोरगं नुसतं कन्हते."

लांबलांबून घरंच्या घरं यायची आणि डोमा त्यांना पार न्यायचा. एखादा बाप बायकापोरांना होडीत बसवून काठावरूनच मागे फिरू लागला, की एरवी तोंड न उघडणारा डोमा त्याला चांगला फैलावर घ्यायचा. अट त्याला आजीइतकीच पाठ होती.

मग एका पावसाळ्यात डोमाची बायको तापानं गेली. घरात उरला तो आणि त्याचा लखू, नुकतं मिसरूड फुटू लागलेला. डोमानं दुःख कामात बुडवलं. उजाडायच्या आत होडी सोडायचा आणि दिवेलागणीला थकून यायचा. बायकोचं नाव त्यानं घरात पुन्हा काढलं नाही. पोराला आठवण व्हायला नको, असं त्याला वाटायचं. लखूला मात्र वाटलं, बाप तिला विसरला. तो आईचं लुगडं उशाला घेऊन पडून राहू लागला, मग घराबाहेर राहू लागला, आणि शेवटी देवळामागच्या बैराग्यांच्या धुनीपाशी चिलीम ओढताना दिसू लागला. सगळ्या गावाला कळलं, त्यानंतर डोमाला कळलं.

डोमानं त्याला होडीत घातलं आणि पलीकडे नेलं. पोराचे डोळे खोल गेले होते, अंग लटलट कापत होतं. आजी घाटावर आली.

"तू बी उतर, डोमा," ती म्हणाली.

"मी बसलो त होडी कोन चालवन, आजी? सुगीचे दिवस हायेत. सारं गाव खोळंबन."

"मंग पोराले परत घेऊन जाय."

डोमानं हात जोडले. आजीनं पोराकडे पाहिलं आणि तिच्यानं नाही म्हणवलं नाही. जन्मात एकदाच तिनं आपली अट मोडली. पुढे ती सांगायची, की त्या दिवशी मी दया केली नाही, आळस केला. बापाशी आणखी भांडायला हवं होतं मी.

आणि गाव? गावानं डोमाचं कोण कौतुक केलं! पोरगं आजारी असून माणसानं होडी बंद ठेवली नाही, याला म्हणतात धर्म, असं पारावर बोलणं झालं. बोलणाऱ्यांत ढिवरटोल्यातले त्याचे भाऊबंदही होते. होडी रेटायचा बांबू त्यांच्या हाताला काही नवा नव्हता, दिवसभर ते त्याच नदीत मासळीसाठी डोंगे फिरवायचे. कौतुक करायला पदरचं काही जात नाही.

दिवसातून कितीदा तरी डोमाची होडी त्या काठाला लागायची. लखू घाटावर येऊन उभा राहायचा. डोमा होडीतूनच त्याच्या अंगावरून नजर फिरवायचा, जेवलास का म्हणून विचारायचा, आणि नवी माणसं बसवून निघायचा. त्या काठाला तो रोज लागला, पण काठावर उतरला नाही. पोरगं सुधारत होतं, हेही खरं. जेवू लागलं होतं, हातांची थरथर कमी झाली होती. फक्त संध्याकाळी बाकीची घरं बोलायला बसली, की लखूसमोर एक रिकामी चटई असायची. आजी ती रोज टाकायची आणि रोज गुंडाळायची. डोमा का उतरत नव्हता? लोक म्हणतात कामामुळे. मला वाटतं तो भ्याला होता. पुरात होडी घालणारा माणूस पोरासमोर बसून त्याच्या आईचं नाव घ्यायला भ्याला होता.

मग बाजाराचा दिवस आला. होडी बायामाणसांनी, गाठोड्यांनी, कोंबड्यांनी गच्च भरली होती. लखू पाण्यात गुडघाभर उतरून होडीच्या काठाला धरून उभा राहिला.

"बाबा, एकडाव उतर नं. मले मायचं बोलाचं हाय."

डोमाचे हात बांबूवर थबकले, असं म्हणतात. होडीतली माणसं उशीर होतो म्हणून कुरकुरू लागली.

"आज बाजार हाय रे. उद्या उतरतो."

होडी सुटली. लखू थोडा वेळ उभा राहिला आणि मग होडीमागं पोहत निघाला. ढिवराचं पोर, पाण्याला काय भिणार? पण चिलमीनं छाती पोखरली होती. डोमानं मागं वळून पाहिलं तेव्हा डोकं वर दिसत होतं. त्याला वाटलं, दमला की परत फिरेल. धारेच्या मधोमध भरलेली होडी वळवणं म्हणजे सगळ्यांचा जीव धोक्यात घालणं. त्यानं उमरघाटच्या काठाला टेकवून माणसं उतरवली आणि होडी उलटी फिरवली, तेव्हा नदी नुसती वाहत होती.

असं म्हणतात, की त्या दिवशी वैनगंगा घटकाभर थांबली आणि तळ उघडा पडला. त्या तळावरून डोमा पोराला हाका मारत चालत गेला. त्या हाकांत बायकोचं नावही होतं. पण लखू काही मिळाला नाही.

डोमानं होडी सोडली नाही. मात्र आजीकडे जाणाऱ्या घरातलं एक जरी माणूस मागे राहिलं, तर बांबू तळाला रुतायचा आणि होडी जागची हलायची नाही. एकदा गावच्या जमीनदारानं, मालगुजारानं, आपल्या मुकाट झालेल्या लेकीला तिच्या आईबरोबर धाडलं. होडी हलेना. मालगुजार तणतणत घाटावर आला. त्याच्या खळ्यावर मळणी पडली होती, आभाळ भरून आलं होतं. डोमा होडीतून उतरला. बांबू त्यानं पलीकडे निघालेल्या चुलतभावाच्या हातात दिला.

"मालक, खळं मी पाह्यतो," तो म्हणाला, "तुमी लेकीपाशी बसा."

मालगुजार होडीत बसला आणि होडी हलली. चुलतभावानं ती सरळ नेली, ना हेलकावा ना भोवरा. घाटावरची माणसं ते पाहत होती. बांबू दुसऱ्याच्या हातातही चालतो, हे सगळ्यांना आधीपासूनच ठाऊक होतं. त्या दिवशी कोणी कोणाच्या डोळ्याला डोळा दिला नाही.

डोमा म्हातारा झाला. एका सकाळी होडी पलीकडच्या काठाला बांधलेली सापडली. ओल्या वाळूत तिच्यापासून आजीच्या झोपडीकडे पावलं गेली होती, परत आलेली नव्हती. तो पुन्हा कोणाला दिसला नाही. काही जण सांगतात, पावलांच्या दोन रांगा होत्या. असं म्हणतात बुवा, खरंखोटं नदीला ठाऊक.

आता पूल झाला आहे. आजीच्या मोहांखाली आता पक्की इमारत आहे, डॉक्टर आहेत, नशेत अडकलेली आणि मनानं खचलेली पोरं तिथं येतात. घरच्यांनीही सोबत यायचं, हा नियम तिथं अजून आहे. उमरघाटचं किंवा आसपासचं घर पोराला घेऊन निघालं, की आदल्या दिवशी गावातलं कोणीतरी न बोलावता त्यांच्या दारात जातं. कोणी म्हशींच्या धारा काढतं, कोणी पिठाची गिरणी सांभाळतं, कोणी धानाच्या बांधीत पाणी सोडतं, कोणी म्हातारीला वेळेवर गोळ्या देतं. याला डोमाची पाळी म्हणतात, आणि पाळी चुकवणाऱ्याच्या घरी कोणी पाणी पीत नाही.

बाप अजूनही आढेवेढे घेतोच. म्हणतो, माझ्याशिवाय गिरणी कशी चालेल. तेव्हा पाळीला आलेला माणूस त्याच्या हातातून किल्ली काढून घेतो. आता गावात होडी एकही नाही. तरी तो जे म्हणतो, ते ठरलेलं आहे. डोमाला त्या सुगीत एकानं जरी हे म्हटलं असतं, तर ही गोष्ट सांगायची वेळच आली नसती.

"जा बापा. होडी आमी पाह्यतो."