धावडखोलची टोचलेली केळ

धावडखोलला आलेले पाहुणे जुन्या दवाखान्याच्या परसात थबकतात ते केळीच्या बनापाशी. बुंध्यांवर मोहरीएवढे काळे ठिपके, शेकड्यांनी. "कीड लागली का हो?" असे कुणी विचारले की म्हातारे तुकोजी राणे पायरीवर बैठक मारतात आणि सांगू लागतात. या केळीचे फळ गावात कुणी खात नाही. औषधासारखे कडू लागते म्हणे. खाल्लेच नाही तर कडू कळले कसे, हे मात्र विचारायचे नाही.

असे सांगतात की, फार वर्षांपूर्वी या दवाखान्यात डॉक्टर मिराशी आणि त्यांची पत्नी सुमतीबाई राहत. ते डॉक्टर, त्या नर्स. गावाला नदीपल्याड जायला एकच लाकडी साकव आणि भर पावसात तोही वाहून जाई. तरी गाव निर्धास्त होते. बाळंतपण असो, ताप असो, साप चावलेला असो, दोघे उठत आणि म्हणत, "आम्ही आहोत ना."

दवाखान्याची झाडलोट करायला आणि काचेच्या सिरिंजा उकळायला गुणवंती होती. तिच्या लेकीला नाग चावला तेव्हा डॉक्टरांनीच पोरीला यमाच्या दारातून परत आणले होते. त्यांच्यासाठी तिने जीव ओवाळून टाकला असता. एकदा तिने भीतभीत विचारले, "बाई, माका सुई मारूक शिकवा." बाई मायेने हसल्या. "आम्ही दोघं असताना तुला कशाला गं ही उठाठेव?" माणसे देवासारखी खरी, पण चूक झाली ती इथेच, असे जुने लोक म्हणत.

पुढे संधिवाताने बाईंची बोटे वाकली. सुई धरणारे हात दोनच उरले, डॉक्टरांचे.

त्या वर्षी श्रावणात, सकाळी लाकडे काढताना, डॉक्टरांच्या उजव्या हातालाच नाग डसला. साकव गेलेला, नदी दुथडी. औषध कपाटात होते, सिरिंज उकळून तयार होती. सारे गाव दारात उभे होते आणि त्यातल्या एकालाही सुई मारता येत नव्हती. डॉक्टरांनी डावा हात गुणवंतीपुढे धरला. त्यांच्या पापण्या मिटू लागल्या होत्या.

"घाल, गुणा," बाई म्हणाल्या. "कोपराच्या खोबणीत चाचप. शीर बोटाला लागेल."

गुणवंतीने सुई घातली. शीर चुकली, कातडी टरारून फुगली. दुसऱ्यांदाही तसेच. तिसऱ्यांदा सुई कातडीपासून बोटभर अंतरावर आली आणि हात जो थांबला तो थांबलाच.

"बाई, माका जमाचा नाय," ती रडू लागली.

बाईंनी आपल्या वाकड्या बोटांनी तिचे मनगट धरून पाहिले. त्या बोटांत जोर कुठला? डॉक्टरांची वाचा गेली होती. त्यांनी गुणवंतीच्या हातावर आपला हात ठेवला, असे सांगतात. कशासाठी, ते कुणालाच कळले नाही. माध्यान्हीच्या आत ते गेले. औषध होते तिथेच राहिले.

दहावा-बारावा होताच बाईंनी गुणवंतीला परसातल्या केळीपुढे उभे केले. "शीक आता," म्हणाल्या. पण केळीपुढेही तिचा हात बोटभर अलीकडे थांबे. शिकल्या त्या कुंपणापलीकडून पाहणाऱ्या शाळकरी मुली. वर्ष सरता सरता बाईही गेल्या. तेव्हा गावाने दोघांच्या नावाने शिष्यवृत्ती ठेवली आणि त्या मुलींतल्या एकीला नर्सिंग शिकायला पाठवले. ती निघताना गुणवंतीने आपल्या हातातली सुई तिच्या हातात दिली.

आजही श्रावणात, डॉक्टर गेले त्या तिथीला, गाव परसात जमते. शिष्यवृत्ती मिळालेली मुलगी किंवा मुलगा केळीपाशी उभा राहतो. गुणवंतीच्या घरातली सर्वांत वडील बाई सुई घेऊन पुढे येते आणि बुंध्यापासून बोटभर अलीकडे थांबते. नव्या पाहुण्यांना वाटते, म्हातारी विसरली. गावातले कुणी हसत नाही. ती सुई त्या पोराच्या हातात देते, पोर टोचते आणि मग अख्खे गाव, आठ वर्षांपासून ऐंशीपर्यंत, ओळीने टोचते. "आम्ही आहोत ना" असे धावडखोलात आज कुणी कुणाला म्हणत नाही. सुई देताना ती म्हातारी एवढेच म्हणते, "माका जमूक नाय. तू शिक."