एकही ‘परंतु’ नसलेलं विधेयक

“मग यात कमी काय आहे, तेवढं सांगा,” चौबळ म्हणाले.

तातू गुरव देवळाच्या पायरीवर बसून जमिनीवरचं ऊन बघत होते. झाडं इतकी दाट की ऊन खाली पोचेपर्यंत त्याचे कवडसे झालेले, आणि ते कवडसेही कुठे जायची घाई नसल्यासारखे हलत होते.

माधव चौबळ दिल्लीत कायद्यांचे मसुदे लिहीत. मंत्री बदलत, शब्द चौबळांचेच राहत. देशभरातल्या देवराया, म्हणजे देवाच्या नावाने राखलेली रानं, वाचवण्यासाठी त्यांनी एक विधेयक लिहिलं होतं. सोमवारी ते लोकसभेत मांडलं जाणार होतं. त्याआधी चौबळ कोकणातल्या या देवराईत आले, कारण वडील सांगत, तातू गुरव गावाच्या वतीने देवाला गाऱ्हाणं, म्हणजे साकडं, घालतो त्यातला एक शब्द काढता येत नाही की एक घालता येत नाही.

सल्ला हवाय, असं ते म्हणत होते. पण सल्ला मागायला आलेला माणूस इतक्या कडक इस्त्रीत येत नाही. त्यांना शाबासकी हवी होती.

“किती वर्सां लागली लिवूक?” तातूंनी विचारलं.

“सात. आणि एकही ‘परंतु’ नाही, तातू. कायद्यात ‘परंतु’ आला की तिथून पळवाट निघते.”

तातूंनी मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं.

“घाटावर एका देवराईत सुकं लाकूड न्यायची मुभा होती. ठेकेदाराने महिनाभरात अख्खी राई सुकी करून दाखवली.” त्या उघड्या टेकडीवर चौबळ स्वतः उभे राहिले होते आणि कुणी बघत नाही असं पाहून रडले होते. “म्हणून फट ठेवलीच नाही.”

वरून सुरंगीचं एक पान फिरत फिरत खाली आलं आणि चौबळांच्या हातातल्या उघड्या फाइलमधल्या चौथ्या कलमावर पडलं. चौबळांनी ते तिथेच राहू दिलं, खुणेसाठी, आणि कागद उडू नयेत म्हणून फाइल मिटली.

झाडांतून काठीचा आवाज आला. खट्... खट्...

“भागी, ये,” तातू म्हणाले. “हे दिल्लीचे सायब. देवाच्या रानाचो कायदो करतत.”

“बरा झाला,” भागी म्हणाली. गावातली एकटीच राहणारी म्हातारी. रोज दुपारी देवाला फूल ठेवायला यायची. ती पायरीवर टेकली आणि काठी तिने मांडीवर आडवी घेतली.

“तर मगे वाचा,” तातू चौबळांना म्हणाले.

“काय?”

“कायदो. गाऱ्हाणा घालतत तसो. देवासमोर, उभ्यान. आमी ‘व्हय म्हाराजा’ म्हणतलों.”

चौबळ हसले. “आमच्याकडेही असंच चालतं. अध्यक्ष विचारतात, सभासद ‘होय’ म्हणतात. ज्याचा आवाज मोठा, त्याची सरशी.”

“म्हंजे तुमका सवय आसा.”

खरं तर नव्हती. मसुदा लिहिणारा माणूस सभागृहात बाजूच्या सज्जात बसतो. त्याला ‘होय’ म्हणता येत नाही आणि ‘नाही’ही म्हणता येत नाही. आपली वाक्यं चौबळांनी उभं राहून कधी वाचलीच नव्हती. ते उठले. घसा साफ केला.

“हा अधिनियम संपूर्ण भारताला लागू असेल.”

“व्हय म्हाराजा!”

दोनच गळे, पण रानाने तो आवाज घेतला आणि दुरून परत दिला. जणू पलीकडच्या झाडांतही कुणी बसलं होतं.

“देवराई म्हणजे देवतेच्या नावे राखलेले कोणतेही वन.”

“व्हय म्हाराजा!”

“प्रत्येक देवराई अबाधित राहील.”

“व्हय म्हाराजा!”

चौबळांच्या अंगावर काटा आला. आपण कुठे आहोत याचा त्यांना क्षणभर विसर पडला. हिरव्या गालिच्याचं ते सभागृह आणि हे शेवाळलेलं अंगण एकमेकांत मिसळून गेलं, आणि सात वर्षं एकट्याने लिहिलेल्या शब्दांना पहिल्यांदाच कुणीतरी ओ दिली. ते सुखावले. आवाज चढला.

“जी कोणी व्यक्ती देवराईतील झाड, फांदी, काटकी किंवा पान, ओले वा सुके, तोडलेले वा आपोआप गळलेले, कोणत्याही कारणासाठी नेईल किंवा जवळ बाळगील, ती व्यक्ती सहा महिन्यांच्या कारावासास पात्र असेल.”

“व्हय म्हाराजा!”

या वेळी सगळ्यांत मोठा आवाज भागीचा होता. तिने दोन्ही हात वर करून जोडले होते, काठीसकट.

चौबळ काठीकडे बघत राहिले...

“ही कुठली?”

“हंयचीच. ऐनाच्या झाडाची.” भागीने काठीवरून हात फिरवला. “दोन वर्सांमागे पाय मोडलो माझो. तातून देवाक इचारल्यान आणि खाली पडलेली फांदी दिल्यान.”

“मी आत्ता काय वाचलं, कळलं तुम्हाला?”

“कळला मां. रानाक हात लावलो तर तुरुंग. बरोबरच आसा ता.” ती जरा थांबली. “मी जाईन. पण काठी थंय न्हेऊक देतले मां?”

चौबळांना लाज वाटली, आणि आपल्याला लाज का वाटावी याचा थोडा रागही आला.

“थांबलात कित्या?” तातू म्हणाले. “गाऱ्हाणा पुरा करा.”

“पुढे काही नाही. दंड, अधिकारी, नियम...”

“आणि चुकला-माकला?”

“म्हणजे?”

“शेवटाक म्हणतत ना... काय चुकला-माकला आसात तर पोटात घाल. त्याबिगर गाऱ्हाणा पुरा होना नाय.”

चौबळांचा चेहरा उजळला. त्यांनी भराभर कागद उलटले. “आहे! तेही आहे. कलम एकोणीस. सद्भावनेने केलेल्या कोणत्याही कृतीबद्दल कोणत्याही... कोणत्याही अधिकाऱ्याविरुद्ध खटला...”

वाक्य तिथेच मंदावलं.

“म्हंजे माफी आसा,” तातू म्हणाले.

“आहे.”

“भागीक?”

“प्रत्येक कायद्यात असतं ते कलम,” चौबळ पुटपुटले. “मी नेहमी तसंच उतरवतो.”

कवडसे पायरीवरून सरकून भागीच्या पावलांवर आले.

“तिच्यासाठी फट ठेवली तर तिच्यातूनच ठेकेदार आत शिरेल. मी पाहिलंय ते. मग मी काय लिहू, तातू?”

तातूंनी डोळे मिटले.

चौबळांनी फाइल काखेत मारली आणि ते निघाले.

देवराईच्या कडेला ओहोळ होता. त्याच्या पलीकडे, देवाचं रान म्हणून येताना काढून ठेवलेले त्यांचे बूट. एक पाय पाण्यात आणि एक पलीकडच्या दगडावर, अशा अवस्थेत त्यांना फाइलमधून बाहेर आलेला देठ दिसला.

सुरंगीचं पान. आपोआप गळलेलं. जवळ बाळगलेलं.

पाण्यात सोडलं असतं तर गेलं असतं वाहून. कुणालाही कळलं नसतं. त्यांनी हात पुढे केलासुद्धा... आणि मागे घेतला.

ते अनवाणीच परत फिरले.

भागी खांबाला टेकून पेंगत होती, काठी छातीशी धरून. तातू अजून तसेच, डोळे मिटलेले. चौबळ देवासमोर उभे राहिले. पान ओंजळीत, त्याखाली उघडलेली फाइल. या वेळी आवाज चढेना.

“जी कोणी व्यक्ती देवराईतील झाड, फांदी, काटकी किंवा पान...”

सगळं कलम त्यांनी वाचलं. एक शब्द गाळला नाही. “...सहा महिन्यांच्या कारावासास पात्र असेल.” तिथे पूर्णविराम होता. सात वर्षांपूर्वी त्यांनीच दिलेला.

ते थांबले.

“परंतु...” ते म्हणाले.

त्यांनी ओंजळीतल्या पानाकडे पाहिलं.

“परंतु... काय चुकलंमाकलं असेल तर...”

त्यांनी ओंजळ देवापुढे केली.

तातूंनी डोळे उघडले नाहीत. फक्त हात जोडले.

“व्हय म्हाराजा,” ते म्हणाले.