ठकूबाईचा पाय आणि अंबाजीची गोष्ट

डोंगरांना अजून नावंही पडली नव्हती, त्या काळी एका खिंडीच्या पायथ्याशी एक गाव होतं. तिथे अंबाजी नावाचा कथेकरी राहत होता. गोष्टींचा त्याच्याकडे तोटा नव्हता. सात तोंडांचे राक्षस, आग ओकणारे साप, आभाळातून कोसळणारे पर्वत, सारं त्याच्या जिभेवर नाचायचं. तरी तो सांगू लागला की माणसं जांभया देत आणि राक्षस मरायच्या आत उठून जात.

"सात तोंडं कमी पडतात की काय?" असं म्हणून तो दुसऱ्या दिवशी राक्षसाला एकवीस तोंडं देई. माणसं आणखीच लवकर उठत. हे असं का होतं, ते काही केल्या त्याला उमगत नव्हतं.

त्याच गावात ठकूबाई नावाची म्हातारी मेंढपाळीण होती. खिंडीत पाय घसरून ती पडली आणि तिच्या नडगीचं हाड मोडलं. हाडवैद्याने हाड बसवलं, बांबूच्या कामट्या बांधल्या आणि बजावलं, "सव्वा महिना अंथरुणातून उठायचं नाही."

पण जन्मभर मेंढरांमागे फिरलेली बाई ती. दुसऱ्याच दिवशी काठी टेकत उभी राहिली. हाड सरकलं. वैद्याने पुन्हा बसवलं. ती पुन्हा उठली.

"आता तिसऱ्यांदा सरकलं, तर माझ्या हातात काही नाही," वैद्य म्हणाला. "पाय वाकडाच जुळेल. मग खिंड विसरा."

ठकूबाईची सून धावत अंबाजीकडे आली. "भाऊ, मला मेंढरांमागे जावं लागतं. घरात दुसरं कुणी नाही. आत्यांजवळ बसा, गोष्टी सांगा, काहीही करा, पण त्यांना उठू देऊ नका."

"अगं, माझ्या गोष्टी ऐकून बसलेली माणसं उठतात!"

"ठाऊक आहे. पण गावात रिकामे तेवढे तुम्हीच आहात."

अंबाजी गेला. पहिल्या सकाळी त्याने एकवीस तोंडांचा राक्षस काढला. राक्षसाने नगर गिळलं, राजपुत्राने तलवार उपसली. ठकूबाई छताकडे बघत पडली होती.

"राजपुत्र जिंकतो ना?" तिने विचारलं.

"हो, पण त्याआधी..."

"मग झालं तर," असं म्हणून तिने काठीकडे हात नेला.

अंबाजी घाबरला. घाईघाईने त्याने दुसरा राक्षस आणला, मग साप, मग पर्वत. म्हातारी कोपरावर उठून बसली. आता त्याच्याजवळ काहीच उरलं नव्हतं. तोंडाला येईल ते तो बोलत सुटला.

"एक कुंभारीण होती. तिला एकच मुलगी. एके संध्याकाळी कुंभारणीने पाहिलं, की मातीच्या खाणीच्या कडेला भेग पडली आहे. मुलीला सांगायचं ती विसरली. सकाळी मुलगी टोपली घेऊन निघून गेली. भाकरी थापता थापता आईला भेग आठवली आणि ती धावत सुटली..."

ठकूबाईचा हात काठीवरच थांबला.

"मुलगी गाणं म्हणत खाणीत उतरली. भेग वर होती. मुलगी खाली बघत होती."

"अगं बये, वर बघ!" म्हातारी ओरडली.

अंबाजी दचकला. त्याने मागे वळून पाहिलं. दारात कुणीच नव्हतं. म्हातारी त्याच्या गोष्टीतल्या मुलीशी बोलत होती! राक्षस नाही, साप नाही, नुसती मातीची खाण. हिला झालं तरी काय?

तेवढ्यात सून परतली. "पुढचं उद्या ऐकते. तोवर हलणार नाही," म्हातारी म्हणाली.

अंबाजी गोंधळलेलाच घरी गेला. वाटेत त्याला वाटलं, सापडलं! गोष्ट अडवून धरली की माणूस अडकतो. मग दुसऱ्या दिवशी त्याने धावत्या आईच्या वाटेत एक वऱ्हाड आणलं. वऱ्हाडातले घोडे, पंक्तीतली पक्वान्नं, व्याह्यांचे रुसवे-फुगवे. तिसऱ्या दिवशीही वऱ्हाड सरेना.

ठकूबाईने चांगला पाय जमिनीवर टेकवला. "मला खेळवतोस होय रे? पोर तिकडे मातीखाली जाईल, आणि तू मला पंक्ती वाढतोस!"

"आजी, उठू नका! मला खरंच कळत नाही, तुम्हाला काय सांगू?"

"आई पोचली का, ते सांग."

"पोचली," अंबाजी म्हणाला. मग त्याने डोळे मिटले आणि पहिल्यांदाच त्या खाणीच्या तोंडाशी स्वतः जाऊन उभा राहिला. "पण तिला पुढे जाता येईना. कडेवर पाऊल पडलं तर दरड खाली येणार. हाक मारली तर मुलगी दचकून कडेलाच धरणार. ती लांबूनच हळू म्हणाली, 'बाळे, टोपली तिथंच ठेव आणि पलीकडच्या वाटेने वर ये.' मुलगी म्हणाली, 'आई, टोपली भरतच आली आहे. थोडीच माती राहिली.'"

"आणि मग?" ठकूबाईने पाय उचलून अंथरुणावर घेतला.

अंबाजीच्या गोष्टीत शेवटी आईचं ऐकून मुलगी वर आली. टोपली खाली राहिली आणि दरडीखाली गेली. म्हातारीने पदराने डोळे पुसले.

"आजी, माझ्या राक्षसाने तर आख्खं नगर गिळलं होतं," अंबाजी म्हणाला. "तेव्हा तुम्ही उठून चालला होतात."

"त्या नगरातलं माझं कोण होतं रे?" ठकूबाई म्हणाली. "ही पोर मात्र माझी झाली."

इतकी साधी गोष्ट आपल्याला इतकी वर्षं का दिसली नाही, हे कोडं अंबाजीला सुटलं नाही. पण त्या दिवसापासून संकट आणण्याआधी तो माणूस आणू लागला. ते माणूस ठकूबाईच्या ओळखीचं झालं की मगच त्याच्या पायाखालची जमीन हलायची.

सव्वा महिना सरला. वैद्याने कामट्या सोडल्या. हाड सरळ जुळलं होतं. ठकूबाई लंगडत का होईना, आपल्या पायांनी खिंड चढली, आणि वर गेल्यावर तिने साऱ्या मेंढपाळांना कुंभारणीच्या मुलीची गोष्ट सांगितली. पुढच्या बाजाराला अंबाजीपुढे माणसं बसली, ती गोष्ट संपेपर्यंत हलली नाहीत.

तात्पर्य : ज्याच्यावर ऐकणाऱ्याचा जीव जडतो, त्याचंच संकट ऐकणाऱ्याला जागच्या जागी खिळवून ठेवतं.