धुनी पेटती आहे

“…पण बाबा, तुम्हीच का सांगत नाही त्यांना?”

शाल्मलीचा आवाज चढला, तसे धुनीभोवती बसलेले लोक वळून बघायला लागले. केवळनाथबाबा मात्र चिमट्यानं राख सारखी करत राहिले.

“काय सांगू?”

“हेच, की हा देश उसनवारीवर चालला आहे. जुन्या कर्जाचं व्याज भागवायला सरकार नवं कर्ज काढतं, आणि त्याचं व्याज भागवायला पुन्हा नवं. कारखाने बंद पडताहेत. खाली आपल्या सूतगिरणीचं काय झालं, माहीत आहे ना?”

“रोषणाई केलीय म्हणे.”

“धुराड्यावर, बाबा! गिरणीचा भोंगा कायमचा बंद झाला आणि धुराड्याला रंगीत दिवे लागले. पटांगणात सरकारनं महोत्सव भरवला, तोही कर्ज काढून. आणि ज्यांची नोकरी गेली, तीच माणसं पोराबाळांना घेऊन तिथे फोटो काढायला जातात.”

“फोटो झकास येतात पण,” बाबूशेठ रेवणकर म्हणाले.

सगळे हसले. बाबूशेठचं खाली बाजारात किराणा दुकान होतं. दर गुरुवारी दुकान मुलावर सोपवून ते मठात येत आणि धुनीजवळची उबदार जागा धरून बसत.

शाल्मली हसली नाही. तिच्या मांडीवर पुठ्ठ्याची लांब नळी होती. नळीत तक्ते होते, सगळ्या देशाची उतरती रेघ गुंडाळून ठेवलेली. परदेशातली नोकरी सोडून ती परत आली, ती हे तक्ते घेऊन. गावोगाव फिरून दाखवायचे, लोकांना जागं करायचं, असं तिनं ठरवलं होतं.

परवाच ती नगरवाचनालयात बोलली होती. जीव तोडून बोलली. टाळ्या पडल्या. मग मागच्या रांगेतले एक गृहस्थ उठून म्हणाले होते, “ताई, फार छान. माझ्या मुलाला तिकडे प्रवेश मिळेल का?”

दुसरा प्रश्न कुणी विचारला नव्हता. चहा आला होता.

“अगं बाय,” कमळाकाकू गुडघे चोळत म्हणाल्या, “सरकार म्हंजे काय तू-मी हाय का? सरकारच्या दारात येऊन उधारी कोण मागतंय?”

“मागतात, काकू. आपल्याकडूनच मागतात. महागाई कशानं वाढते?”

“ती तर माझ्या लग्नापासनं वाढतीया.”

पुन्हा हशा.

बाबूशेठना चेव आला. “ताई, राग मानू नका. पण तुम्हाला तिकडं शिकायला धाडलं ते सरकारच्याच पैशानं न्हवं? तवा कुठं व्याज मोजलं तुम्ही?”

शाल्मलीचा चेहरा लाल झाला. “म्हणूनच परत आले,” ती म्हणाली.

बाबांनी पहिल्यांदा मान वर केली. तिच्याकडे बघितलं. पुन्हा राखेत बघितलं…

बोरजाईच्या डोंगरावरचा हा नाथांचा मठ. इथली धुनी कधी विझत नाही, असं खाली गावात सगळे मानत. एस.टी. स्टँडवर उतरलं, की आधी नजर डोंगराकडे जायची. माथ्यावर धुराची रेघ दिसली, की माणूस म्हणायचा, “पेटती आहे,” आणि निश्चिंत मनानं आपल्या कामाला लागायचा. शाल्मलीनंही आज तेच केलं होतं. लहानपणी ती आजोबांचं बोट धरून इथे यायची. आजोबांच्या खांद्यावर नेहमी काहीतरी असायचं. काय असायचं, ते आता तिला नीटसं आठवत नव्हतं.

आज ती चढली तेव्हा पायवाटेवर वाळक्या फांद्या पडलेल्या होत्या. हातातली नळी सांभाळत ती त्या ओलांडून आली होती.

“बाबा, उद्या भंडारा आहे,” ती म्हणाली. “सगळा तालुका येईल. आमदार येतील. तुम्ही वर्षभर जाहीर काही बोलत नाही, पण भंडाऱ्याला एक वाक्य बोलता. उद्याचं तेवढं एक वाक्य मला द्या.”

“कसं देऊ?”

“म्हणा, ‘हे असं फार दिवस चालणार नाही.’ एवढंच. माझं कुणी ऐकत नाही, तुमचं ऐकतात. तुमचा शब्द वर्षभर तालुक्यात फिरतो. मी आले त्या रिक्षाच्या पाठीवरसुद्धा तुमचं गेल्या सालचं वाक्य रंगवलं होतं.”

“कुठलं?”

“‘येताना लाकूड आणा.’”

बाबांचा चिमटा थांबला.

“अर्थ काय त्याचा?”

प्रश्न सोपा होता. रिक्षात बसल्याबसल्याच तिनं त्याचा अर्थ लावला होता, आणि तो तिला फार आवडला होता.

“लाकूड म्हणजे अहंकार,” ती म्हणाली. “गुरूकडे येताना आपला अहंकार घेऊन यावा आणि इथे जाळून टाकावा.”

“बरोब्बर!” बाबूशेठनी मांडीवर थाप मारली. “आमच्या पेठेत बुवांनी सात दिवस याच्यावरच प्रवचन केलं. काय गर्दी! आम्ही कॅलेंडर छापलंय, ताई. देतो तुम्हाला एक.”

“माझ्या सुनेनं चौकटीत घालून लावलंय,” कमळाकाकू म्हणाल्या. “देवाशेजारी.”

बाबांनी चिमटा पुन्हा राखेत घातला.

तिन्हीसांज झाली होती. पौषातला वारा डोंगर चढून वर यायला लागला. धुनी खाली बसत चालली. कमळाकाकूंनी पदर कानावरून घेतला. बाबूशेठ सरकून आणखी पुढे आले.

“महाराज, जरा…” ते म्हणाले आणि हातानं धुनीकडे दाखवलं.

बाबा उठले.

त्यांनी कोनाड्यातला कोयता घेतला आणि मठाच्या मागच्या अंगाला गेले. तिकडे अंधार होता. आधी खटखट ऐकू आली. मग काहीतरी करकरलं, चार-दोन कौलं घसरून खाली फुटली, आणि बाबा एक लांब काळा वासा ओढत परत आले. वाशाच्या टोकाला अजून खिळा होता.

त्यांनी तो धुनीत सरकवला.

शाल्मलीनं मागे वळून बघितलं. डोळे अंधाराला सरावले, तसं तिला दिसलं. मागच्या खोलीवर छप्परच नव्हतं. मधल्या खोलीवर अर्धं होतं. आता उघडं आभाळ धुनीपर्यंत येत चाललं होतं.

“बाबा… हे छप्पर आहे.”

“हो.”

“तुम्ही मठ जाळताय!”

“धुनी पेटती ठेवतोय.”

ती बाबूशेठकडे वळली. “तुम्हाला दिसत नाही?”

“दिसतंय की. आधी इथं लई कोंदट व्हायचं बघा. आता कशी हवा खेळती झाली. बसल्या जागी चांदण्या दिसतात.”

“आणि पाऊस आला की?”

“पावसाला लई अवकाश हाय, ताई,” कमळाकाकू म्हणाल्या. “आत्ता कुठं पौष चाललाय.”

“महाराज काढतील काहीतरी मार्ग,” बाबूशेठ म्हणाले. “आजवर कधी कायमची विझलीय का?”

शाल्मली उठून उभी राहिली. मांडीवरची नळी गडगडत बाजूला गेली.

“मग विझू द्या, बाबा! एक दिवस विझू द्या. उद्या भंडाऱ्याला सगळ्यांना थंडीत कुडकुडू दे. मग कळेल त्यांना.”

“झालं तेही करून,” बाबा म्हणाले. “आषाढात तीन दिवस पेटवली नव्हती.”

“मग?”

“यांनी गॅसची शेगडी आणली.”

“हप्त्यावर,” बाबूशेठ आपलेपणानं म्हणाले. “वर्गणी जमंना, मग म्हटलं हप्ते पाडून घेऊ. महाराज पुन्हा धुनी पेटवून बसले, आणि शेगडी पडून राहिली. हप्ते चालू आहेत.”

शाल्मली बाबांकडे बघत राहिली. त्यांच्या हातावर ओरखडे होते. कोपराला जुन्या कौलांची माती लागली होती. लाकूड आणा म्हणून सांगायचं होतं, तर या माणसानं ते सरळ शब्दांत सांगितलं होतं. भर भंडाऱ्यात, सगळ्या तालुक्याला. याहून सोपं वाक्य कोणतं असतं?

उद्या ते ‘हे असं फार दिवस चालणार नाही’ म्हणाले, तर परवा रिक्षांवर रंग ओला असेल. बुवा सांगतील की ‘हे’ म्हणजे देह. कॅलेंडर निघेल.



“मग मी जाते परत,” ती म्हणाली. “तिकडून बोलावणं आलंय. मी अजून कळवलं नव्हतं… वाटलं होतं, इथे एक तरी… पण इथे कुणाला सांगायचं?”

बाबांनी वासा आणखी आत सरकवला.

“तुम्ही तरी थांबवा मला!”



वासा आता धडधडून पेटला. जुनं, मुरलेलं सागवान. भिंतीवर सगळ्यांच्या सावल्या मोठ्या झाल्या. मागून उघड्या छपरातून वारा आला, तशी ती खाली बसली. बोलायची मात्र थांबली नाही.

“सगळे शेकत बसलेत. डोक्यावरचं छप्पर जळतंय आणि सगळे शेकत बसलेत! जो येतो त्याला वाटतं, आणलं असेल दुसऱ्या कुणीतरी. खालून धूर दिसला की झालं, सगळे खूश. डोंगरभर फांद्या पडल्यात, बाबा. एकालासुद्धा… वर येताना एकालासुद्धा एक काटकी उचलावीशी वाटली नाही…”

बाबूशेठ जांभई देत होते. कमळाकाकूंचा डोळा लागला होता.

केवळनाथबाबांनी चिमटा खाली ठेवला. ते शाल्मलीच्या हातांकडे बघत होते. बोलण्याच्या भरात तिनं दोन्ही तळवे धुनीसमोर पसरले होते. जाळाच्या उजेडात ते लालसर दिसत होते.

तिनं त्यांची नजर बघितली. मग आपले हात बघितले.



“ऊब लागली, पोरी?” बाबांनी विचारलं.