दोन्हीकडून उघडा कोनाडा

खूप मागची गोष्ट आहे. इतकी मागची, की तेव्हाच्या राजाचं नाव त्याच्या पणतवंडांनाही सांगता आलं नसतं. घाटाच्या तोंडाशी एक गाव होतं आणि गावात एक धर्मशाळा होती. ज्यांचं कुणी उरलं नाही, अशी म्हातारी माणसं तिथं राहत.

दिसायला ती अगदी साधी. मातीच्या जाड भिंती, मधोमध मोठी चूल आणि चुलीभोवती खोल्या, म्हणजे एकाच चुलीवर सगळ्यांच्या पाठी शेकाव्यात. उंबरा मुद्दाम बुटका, कारण म्हाताऱ्यांचे पाय उचलत नाहीत. पण बांधणाऱ्याची खरी अक्कल होती रस्त्याकडच्या भिंतीत. तिथं एक कोनाडा होता, दोन्हीकडून उघडा आणि भिंतीत तिरका घेतलेला. रस्त्यावरून कुणी मूठभर नाचणी ठेवावी, आतून कुणी ती उचलावी, आणि एकाला दुसऱ्याचं तोंड दिसू नये. गावातल्याही कुणाची चूल पेटली नाही, तर तो मागच्या दारानं आत जाई आणि कोनाड्यातलं घेऊन येई. कोण आलं, हे विचारायचं नाही, अशी रीत होती.

मग पाटलांनी धर्मशाळा नवी बांधायला काढली. दगडी कमान आली, कमानीवर त्यांचं नाव आलं, वर सज्जा आला. कोनाडा मात्र गेला. "कोण देतं आणि कोण घेतं, हे दिसलं पाहिजे," पाटील म्हणाले. आता देणाऱ्यानं सज्ज्यावर चढून सगळ्यांदेखत धान्य ओतायचं, आणि घेणाऱ्यानं खाली अंगणात उभं राहून तोंड वर करायचं.

कोनाडा बुजवला तो गावच्या गवंड्यानं. त्याची बायको तरुण होती, कडेवर तान्हं पोर होतं, आणि तिला स्वतःच्या रागाचा फारसा भरवसा नव्हता. भाकरी फुगली नाही तरी ती चिडे, आणि मग चिडल्याबद्दल स्वतःवरच चिडे.

"अहो, तुम्ही खरंच बुजवलात?" तिनं विचारलं.

"बुजव म्हणाले, बुजवला. मी गवंडी आहे, न्यायाधीश नाही."

ती गप्प बसली. तेव्हा गप्प बसली, हे तिला पुढं जन्मभर टोचलं.

पाटलांच्या पोत्याशेजारी आपली मूठ ओतायची लोकांना लाज वाटू लागली, म्हणून लोकांनी देणंच सोडलं. आणि धर्मशाळेतली सुईण आजी अंगणात जाईना. अर्धं गाव तिच्या हातांवर जन्मलेलं, गवंडिणीचं पायाळू पोरही.

"या गावातल्या पोरांची तोंडं पहिल्यांदा मी पाहिली," आजी म्हणे. "आता त्यांनी माझं असं पाहायचं?"

गवंडीण तिच्यासाठी भाकरी घेऊन गेली. आजीनं हात मागे घेतला.

"नको पोरी. तू पाजणारी बाई. तुझ्या पोराच्या तोंडचा घास डोळ्यांदेखत कसा घेऊ? कोनाड्यात असता तर घेतला असता. कुणाचा, ते कळलं नसतं."

आजीचं मनगट काटकीसारखं झालं होतं. गवंडीण तशीच घरी गेली आणि नवऱ्याची पहार घेऊन परत आली. अंगणात धान्यवाटप चाललं होतं. एका हातानं पोर सावरत तिनं बुजवलेल्या कोनाड्यावर पहिला घाव घातला. घाव चुकला.

"ए गवंडीण! वेड लागलं का?" सज्ज्यातून पाटील ओरडले.

"लागलं असेल," ती म्हणाली. तिला मनातून तशी शंका होतीच. "ज्याच्या घरात या कोनाड्यातला दाणा कधी शिजला नाही, त्यानं यावं आणि माझा हात धरावा!"

कुणी हललं नाही. तेली भिंतीकडे पाहू लागला. सोनार आपल्या वहाणांकडे.

"मी धरतो," पाटील हसले आणि जिन्याकडे वळले.

"तू थांब," सज्ज्यात मागे बसलेली त्यांची म्हातारी आई म्हणाली.

"का?"

पाटील रांगते असतानाच त्यांचे वडील गेले, हे गावाला ठाऊक होतं. पुढं त्या घरात चूल कशी पेटत राहिली, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. भिंतीला धरत, एकेक पायरी उतरत म्हातारी खाली आली आणि गवंडिणीसमोर तिनं हात पसरले.

"पोर दे इकडे. दोन्ही हातांनी मार."

पाटील अर्ध्या जिन्यात उभे राहिले. त्यांना खालीही येववेना आणि वरही जाववेना.

कोनाडा उघडला. संध्याकाळपर्यंत तो नाचणीनं भरला. पण सुईण आजीच्या पोटात पेजही टिकेना. सुगीआधीच ती गेली. गवंडिणीनं पाटलांना माफ केलं नाही, नवऱ्याला अर्धंच केलं, आणि स्वतःचं काय करायचं ते तिला कधी ठरवता आलं नाही. सज्ज्यावर पुन्हा कुणी चढलं नाही. कमानीवरच्या नावावर आता पारवे बसतात.

म्हणून लहानथोरांनो, ध्यानात धरा: घेणाऱ्याला मान वर करायला लावून दिलेला घास दान नसतो, ती त्याच्या अब्रूची लूट असते.