बोरखडीच्या घंटेचा चाळीस हात दोर

ही हकिगत नेमकी कोणत्या वर्षी ऐकली, ते आता खात्रीने सांगता येत नाही. बोरखडीच्या चर्चचा कसला तरी उत्सव होता आणि सांगणारे दाविदनाना वैरागर होते, एवढे पक्के. दोराची लांबी त्यांनी चाळीस हात सांगितली की साठ, याबद्दलही मनात शंका आहे. चाळीसच धरू.

बोरखडी नगरच्या पूर्वेला, एका उथळ ओढ्याच्या काठी आहे. तिथल्या चर्चच्या दर्शनी भिंतीत कमान आहे आणि कमानीत घंटा. इतर ठिकाणी घंटेचा दोर आत, दारापाशी लोंबतो. इथे तो बाहेर येतो, सगळे अंगण ओलांडतो आणि बाभळीखालच्या एका काळ्या दगडापाशी संपतो. पाहुणे हसतात. घंटा वाजवणारा आळशी असावा, अंगण ओलांडायचा कंटाळा करत असावा, असे त्यांना वाटते. नाना मात्र हसले नाहीत. "हा दोर भांडणाचा हाय," एवढे म्हणून ते त्या दगडावर बसले आणि सांगू लागले.

फार पूर्वी या वस्तीतली अकरा घरे ख्रिस्ती झाली, म्हणे. सगळी दोर वळणाऱ्यांची. त्यांत भागाजी उमापाचे एक. चर्च उभे राहिले तेव्हा भागाजीच्या बायकोने, हन्नाबाईने, घंटेचा दोर आपल्या हाताने वळला आणि दर रविवारी तो ओढायचा मान तिच्याकडे आला. पूर्वी गावकरी विहिरीवर उभे राहून या लोकांच्या घागरीत वरून पाणी ओतत तरी. बाप्तिस्म्यानंतर तेही बंद झाले. वस्ती ओढ्याचे पाणी पिऊ लागली आणि त्या उन्हाळ्यात ओढ्यातून पटकी आली.

हन्नाबाईने चर्चच्या जमिनीवर डोके टेकून मागितले, की घरात माझी तीन माणसे आहेत, तिन्ही ठेव. नवरा सोमवारी गेला. मुलगा मंगळवारी. शनिवारी दुपारपर्यंत तिने मागणे कमी करत आणले होते. चार वर्षांची सलोमी तेवढी ठेव, दुसरे काही नको. संध्याकाळी सलोमीही गेली. वरून हूं की चूं आले नाही.

दुसऱ्याच दिवशी पाळक नथानिएल पाथरे उपदेशाला उभे राहिले. वयाने तरुण, शहरात शिकून आलेले, आणि त्यांच्यापाशी सगळ्याचे उत्तर तयार असे. विश्वास पुरता असता तर मागणे मान्य झाले असते, असे ते म्हणाले. नाव कोणाचे घेतले नाही. घ्यायची गरजही नव्हती. हन्नाबाई उठली, भर सभेतून चालत बाहेर गेली, आणि त्या उंबऱ्याच्या आत तिने पुन्हा पाऊल टाकले नाही.

ती परत जुन्या देवांकडे जाणार, असे सगळ्यांनी धरले. भाऊबंद तर बोलावायलाच आले. मरीआईचा कोप झाला, नारळ फोड, माफी माग, विहिरीचे पाणीही मिळेल, असे त्यांनी समजावले. त्यांना तिने भाकरी वाढली आणि वाटेला लावले. "भांडान अर्ध्यात टाकून यायचं व्हय?" असे म्हणाली, सांगतात.

पुढच्या रविवारी घंटा वेळेवर वाजली. लोक पाहतात तो हन्नाबाई अंगणात उभी. दारापाशी लोंबणारा दोर तिने उंबऱ्याबाहेरूनच हात घालून बाहेर ओढला होता आणि त्याला नवा तुकडा जोडला होता. शेजारची शेवंताबाई तिला टोचून म्हणाली, "देवाशी अबोला धरलास, मंग घंटा कशापायी वाजवतीस गं?"

"त्याला झोप लागू नये म्हनून," हन्नाबाई म्हणाली.

हे उत्तर पंचक्रोशीत फिरले. लोक हसले, पाळक हसले नाहीत. जो उपासनेला आत येत नाही त्याला घंटेचा अधिकार नाही, असे ठरवून त्यांनी जोडलेला दोर कापवला. हन्नाबाईने आठवडाभर घायपाताचा वाख भिजवला, पिंजला आणि पुन्हा दोर वळला, पहिल्यापेक्षा लांब. पाळकांनी तो कापला. तिने आणखी लांब वळला. असे सात रविवार चालले. दर खेपेला दोर वाढे आणि हन्नाबाई चर्चपासून आणखी दूर उभी राहून तो ओढी. सातव्या खेपेला ती बाभळीच्या दगडाला जाऊन टेकली.

तोही कापला गेला, आणि शेवटी पाळक स्वतः तिच्या अंगणात आले. ती दगडापर्यंत पुरेल असा दोरच पुन्हा वळत होती. रागानेच त्यांनी विचारले, की देवापासून इतकी लांब निघाली आहेस, तर एकदाचे सोडून का देत नाहीस? हन्नाबाईने दोराचे एक टोक त्यांच्या हातात दिले आणि दुसऱ्या टोकाला पीळ देत ती मागे मागे चालू लागली. दोर ताणला, पाळकांच्या तळव्यात रुतला.

"दोर वळनारं मानूस म्होरं चालत न्हाई, पाळकसायब," ती म्हणाली. "मागं मागं जातं. जेवढं लांब जावं तेवढा दोर व्हतो. पर टोक सोडलं, की सगळा पीळ उलगडला. म्या लांब गेले. सोडलं न्हाई." मग म्हणाली, "त्यानं पलीकडचं टोक धरलंय का न्हाई, ते तुमी सांगा. तुमी शिकल्यालं."

 पाळक तसेच टोक धरून उभे राहिले आणि दोर पुरा झाल्यावर निघून गेले. तो दोर पुन्हा कोणी कापला नाही.

त्यानंतर बावीस वर्षे हन्नाबाईने त्या दगडापासून घंटा वाजवली. उन्हात, पावसात, तापाने फणफणलेली असतानाही. तिला दर्शन झाले, आवाज ऐकू आला, असे कोणी सांगेल तर खोटे समजा, असे नानांनी जरा चिडूनच बजावले. देव बोलला नाही तो नाहीच. फक्त एक नवल घडले, म्हणे. ती वारली तो रविवार होता. सगळी वस्ती तिच्या दारात जमली होती. घंटा वाजवायचे कोणाच्याच ध्यानात नव्हते. आणि नेमक्या वेळी घंटा वाजू लागली. दारातून कमान दिसत होती, हलणारी घंटा दिसत होती. ओढणारे कोणी दिसत नव्हते. देवाने अखेर तिला उत्तर दिले, असे सांगतात.

आजही बोरखडीत ज्याचे देवाशी वाजते, तो चर्च सोडून जात नाही. तो आत जात नाही, एवढेच. दगडापाशी उभा राहतो आणि त्या रविवारची घंटा त्याची असते. काय झाले, असे कोणी विचारत नाही, आणि कोणी उपदेशही करत नाही. दर वर्षी घरोघरचा वाख गोळा करून दोर नवा वळतात.

पुष्कळ वर्षांनी बोरखडीच्या चर्चची जुनी दफन-नोंदवही पाहायला मिळाली. हन्नाबाईची नोंद सापडली. तारीख दोनदा पंचांगाशी ताडली, रविवारच होता. खाली पाळक पाथऱ्यांच्या अक्षरात तीन ओळी होत्या:

"हन्ना भागाजी उमाप, वय अदमासे पंचावन्न. आज उपदेश केला नाही. घंटा दगडापासून मी ओढली."